अ‍ॅबर्डीनहून अमेरिकेला गेलेले आणि परत आलेले आजोबा : कागद शोधायला मदत हवी आहे

ग्रॅनाईटनगरी
नमस्कार मंडळी. मी अ‍ॅबर्डीनला राहते, नवरा इथलाच आणि त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ग्रॅनाईटचंच काम. सासरे ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांना त्यांच्या आजोबांबद्दल नीट कळून घ्यायचंय, अमेरिकेला कधी गेले, कितीदा गेले आणि मुख्य म्हणजे परत का आले. आडनाव इथे टाकत नाही कारण त्या शाखेतली माणसं हयात आहेत, मी नुसतं आजोबा आणि आजी म्हणते, म्हणजे सासऱ्यांचे आजोबा-आजी.

आतापर्यंत हाताशी एवढं आहे, सगळं स्कॉटलंड्सपीपल या सरकारी वेबसाईटवरून. १८८१ च्या सेन्ससमध्ये आजोबा १७ वर्षांचे, दगडकामात शिकाऊ, जन्म केमने गावचा (तिथे ग्रॅनाईटची मोठी खाण आहे). डिसेंबर १८८६ मध्ये अ‍ॅबर्डीनला लग्न. लग्नाच्या दाखल्यावर आजीचं माहेरचं आडनावही मिळालं. १८९१ च्या सेन्ससला घरात फक्त आजी आणि दोन मुलं, तिच्या नावापुढे 'ग्रॅनाईट कामगाराची बायको' असं लिहिलंय पण नवरा घरात नाही, स्कॉटलंडात दुसरीकडेही कुठे सापडत नाही. १९०१ ला सगळं घर एकत्र, मुलं पाच, त्यातली चौथी मुलगी सहा वर्षांची आणि तिच्या जन्मगावाच्या रकान्यात नुसतं 'अमेरिका'. सगळ्यात धाकटा वर्षाचा, ते माझ्या सासऱ्यांचे वडील. आणि १९०४ ला आजोबा वारले, चाळिसाव्या वर्षी.

घरात एकच गोष्ट सांगत आले आहेत की आजोबांनी अमेरिकेत घुमटाची एक मोठ्ठी सरकारी इमारत बांधली, टेक्सासला. बाकी काहीच नाही. १८८६ ते १९०१ या मधल्या काळाचं काय करायचं, कुठे बघायचं, कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.

दप्तरी
ताई, आधी टेक्सासचं बघू कारण ते लवकर निकालात निघेल. ऑस्टिनच्या कॅपिटॉलची (टेक्सासच्या विधानभवनाची) हकिकत अ‍ॅबर्डीनमध्ये खूप घरांत सांगतात आणि ती खरी आहे, फक्त त्यात खरोखर गेलेली माणसं थोडी होती. झालं असं की त्या कॅपिटॉलच्या ग्रॅनाईटच्या कामावर कंत्राटदाराने कैदी लावले, त्यावरून तिथल्या ग्रॅनाईट कामगारांच्या युनियनने बहिष्कार टाकला, मग कंत्राटदाराचा माणूस थेट अ‍ॅबर्डीनला येऊन कारागीर भरती करून घेऊन गेला. हे १८८६ सालचं. न्यूयॉर्कला उतरल्यावर युनियनच्या लोकांनी त्यांना गाठून खरी परिस्थिती सांगितली तेव्हा काहीजण तिथेच फुटले आणि साठेक जण पुढे टेक्सासला गेले. परदेशातून करार करून मजूर आणायला १८८५ च्याच कायद्याने बंदी झाली होती त्यामुळे पुढे कंत्राटदारावर खटला चालून दंडही झाला. आता त्याच वर्षीच्या डिसेंबरात जो माणूस अ‍ॅबर्डीनमध्ये लग्नाला उभा आहे तो त्या टोळीत असणं मला अवघड वाटतं. मधेच परत आला असेल असं म्हणता येईल, पण पुरावा मिळेपर्यंत मी तरी ते वंशवृक्षात लिहिणार नाही.

आता खरं काम. गेलेला माणूस शोधणं तसं सोपं असतं, परत आलेला शोधणं कठीण, कारण गेलेल्याची नोंद ठेवण्यात जहाज कंपनीला आणि तिकडच्या सरकारला रस होता, परत येणारा तर आपलाच नागरिक, त्याला कोण काय विचारणार. आणि परत येणारे थोडेथोडके नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला स्कॉटलंड सोडून गेलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा परत आला असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आगबोटी आल्यावर अटलांटिक आठ-दहा दिवसांत ओलांडता यायला लागला, मग जाणं म्हणजे कायमचं जाणं हे राहिलंच नाही. अ‍ॅबर्डीनचे ग्रॅनाईटवाले तर १८८० च्या दशकात वसंतात जायचे आणि थंडी पडायच्या आत घरी, पुढच्या वर्षी पुन्हा. तिकडे मजुरी बरीच जास्त होती.

म्हणून तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद मला १९०१ चा सेन्सस वाटतो. पाचही मुलांची वयं आणि जन्मगावं ओळीने लिहून काढा. अ‍ॅबर्डीन, अ‍ॅबर्डीन, अ‍ॅबर्डीन, अमेरिका, अ‍ॅबर्डीन असं असेल तर चौथ्या मुलीच्या वेळी आजीही तिकडे होती. म्हणजे आजोबांच्या फेऱ्या दोन प्रकारच्या आहेत, आधी एकट्याच्या आणि मग सगळ्या घराला घेऊन.

ग्रॅनाईटनगरी
अगदी तसंच आहे दप्तरीकाका, बरोब्बर याच क्रमाने. तिसरा मुलगा आठ वर्षांचा म्हणजे १८९२-९३ चा, तो अ‍ॅबर्डीनचा. मग मुलगी १८९४-९५ ची अमेरिकेची, आणि धाकटा १९०० चा पुन्हा इथला. मी इतके दिवस आजोबांचंच नाव सगळीकडे टाकून शोधत होते, आजी आणि मुलांच्या नावांनी शोध घ्यायला आजच सुरुवात करते.

पंचगंगा
वाचतेय. दोन शंका आहेत. एक म्हणजे स्कॉटलंडची माणसं बाहेर गेली ती जमीनदारांनी हुसकावल्यामुळे ना, ते हायलंड क्लिअरन्सेस? आणि दुसरं म्हणजे आजीचं माहेरचं आडनाव तुम्हाला इतकं सहज कसं मिळालं, आमच्याकडे पणजीचं माहेर शोधायचं तर हेळव्यांच्या (वंशावळ सांगणाऱ्यांच्या) पोथीपर्यंत जावं लागलं आणि तिथेही नाव फक्त पुरुषांचंच.

दप्तरी
@पंचगंगा, क्लिअरन्सेस हे खरंच, पण ते मुख्यतः उत्तर-पश्चिमेचं डोंगराळ आणि बेटांवरचं प्रकरण आणि बराचसा भाग त्याआधीच्या काळातला. १८८० नंतर जे गेले त्यातले बहुतेक शहरातले किंवा कारखान्यातले, हातात कसब असलेले लोक होते, गवंडी, इंजिनिअर, विणकर, खाणीतले. त्यांना कुणी हाकललं नाही, ते मजुरीचा हिशोब करून गेले आणि हिशोब करूनच परत आले. अ‍ॅबर्डीनचं आणखी एक कारण म्हणजे तिथला घडवलेला, पॉलिश केलेला दगड अमेरिकेत फार खपायचा, स्मारकं, थडगी वगैरे. मग अमेरिकेने आयात जकात वाढवली, १८९० चा मॅकिन्ली टॅरिफ, १८९७ चा डिंगली टॅरिफ, तेव्हा दगड पाठवण्यापेक्षा दगड घडवणारा माणूसच जायला लागला.

माहेरच्या आडनावाचं म्हणाल तर तो स्कॉटिश कागदांचा मोठेपणा आहे. १ जानेवारी १८५५ पासून तिथे जन्म-मृत्यू-लग्नाची सक्तीची नोंदणी आहे आणि मृत्यूच्या दाखल्यावरसुद्धा आई आणि बाप दोघांचीही नावं असतात, आईचं माहेरचं आडनाव धरून. लग्नाच्या दाखल्यावर वर-वधू दोघांचे आईबाप. त्या काळच्या इंग्लंडच्या दाखल्यांत हे एवढं नाही. पहिल्या वर्षी म्हणजे १८५५ ला तर इतकं काही विचारलं होतं, आईबापांचं वय, जन्मगाव, लग्न कधी कुठे झालं, आधीची मुलं किती, की कारकुनांना ते झेपेना आणि पुढच्या वर्षी बरेचसे रकाने कमी केले. ज्यांच्या घरात १८५५ ला कुणी जन्मलं ते नशीबवान. १८५५ च्या आधीचं चर्चच्या रजिस्टरमध्ये बघायचं, तिथे मात्र ज्याचा पाद्री नेटका त्याचीच नोंद नेटकी, आणि १८४३ ला चर्च फुटल्यावर फ्री चर्चमध्ये गेलेल्यांच्या नोंदी वेगळीकडे.

बर्लिंग्टनकर
मी अमेरिकेत व्हरमाँट राज्यात राहतो, धाग्याचं नाव बघूनच आलो. ग्रॅनाईट, अ‍ॅबर्डीन आणि १८९० चं दशक म्हटलं की पहिलं बॅरी शोधा. आमच्यापासून तासाभराच्या आत आहे. त्या गावात ग्रॅनाईटच्या खाणी डोंगरावर आहेत आणि १८८० च्या दशकाच्या शेवटी रेल्वे थेट खाणींपर्यंत गेली तसं ते छोटंसं खेडं बघता बघता शहर झालं, आधी स्कॉटिश लोक आले, मग इटलीहून शिल्पकार. तिथे रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीचा पुतळा आहे, १८९९ चा, स्कॉट लोकांनी वर्गणी काढून उभा केलेला आणि घडवला मात्र इटालियन कारागिरांनी, चौथऱ्यावरची कोरीव चित्रं बघताना मी बराच वेळ तिथे उभा राहिलो होतो, इतकं बारीक काम ग्रॅनाईटमध्ये होऊ शकतं यावर विश्वास बसत नाही. होप सेमेटरी म्हणून १८९५ ची दफनभूमी आहे, तिथला प्रत्येक दगड बॅरीच्याच करड्या ग्रॅनाईटचा.

आणि घुमटाचं. बॅरीच्या अगदी शेजारचं गाव म्हणजे माँटपेलिअर, आमची राजधानी. तिथलं स्टेट हाऊस (राज्याचं विधानभवन) बॅरीच्या ग्रॅनाईटचं आहे आणि त्याला घुमट आहे. ती इमारत तुमच्या आजोबांच्या जन्माआधीची म्हणजे त्यांनी बांधली नाही हे नक्की, पण 'आमच्या खाणीच्या दगडाची घुमटवाली इमारत' असं त्यांनी घरी येऊन सांगितलं असेल आणि पुढे कुणीतरी ऐकलेलं टेक्सास त्याला जोडलं असेल, असं मला वाटतं. नुसता अंदाज आहे, तसाच घ्या.

डंडीवाली
माझा शिक्षणाचा विषय अर्काइव्हज (जुन्या दस्तऐवजांचं जतन) आहे, डंडी युनिव्हर्सिटीत कोर्स करतेय, म्हणून लिहिते. जहाजांच्या याद्यांबद्दल थोडं. ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्यांच्या याद्या १८९० पासूनच टिकल्यात, आत येणाऱ्यांच्या १८७८ पासून आहेत पण सुरुवातीच्या वर्षांतल्या फार थोड्या. दोन्ही लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजच्या, आता ऑनलाईन मिळतात. पण त्यात माहिती तुटपुंजी, नाव, वय, धंदा, बंदर, संपलं. खरी माहिती अमेरिकेत उतरतानाच्या यादीत. १८९३ पासून त्यात रकाने वाढवले, कुठे चाललात, कोणाकडे, तिकीट कोणी काढलं, जवळ पैसे किती, कामाचा करार झालाय का, आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे 'याआधी अमेरिकेत आला होता का, कधी, कुठे'. ये-जा करणाऱ्या माणसाची आधीची फेरी त्या एका ओळीत सापडू शकते. कराराच्या रकान्यात मात्र सगळे 'नाही' लिहिणार कारण 'हो' म्हटलं तर परत पाठवायचे.

ग्लासगोहून अँकर लाईनची जहाजं न्यूयॉर्कला जायची, अ‍ॅलन लाईनची कॅनडाकडे. कॅनडात उतरून सरहद्द ओलांडली असेल तर १८९५ पासूनच्या नोंदी सेंट अल्बन्स या नावाने आहेत, ते गाव व्हरमाँटमधलंच आहे पण नोंदी सगळ्या कॅनडा सरहद्दीच्या. त्याच्या आधी कॅनडामार्गे गेलेला माणूस मात्र बहुतेक निसटतो.

अमेरिकेचा १८९० चा सेन्सस शोधण्यात वेळ घालवू नका, १९२१ च्या आगीनंतर त्यातलं जवळजवळ काही उरलं नाही. म्हणजे तुमच्या आजोबांची पहिली फेरी ज्या वर्षांत असेल नेमका तोच सेन्सस नाही.

कोकणकडा
राग मानू नका, मनापासून विचारतोय. गेले, आले, वारले हे तर कळलंच आहे. मग महिना कोणता, जहाज कोणतं इतकं खोदून सासऱ्यांना नक्की काय मिळणार?

ग्रॅनाईटनगरी
@कोकणकडा राग कसला. माझ्या सासऱ्यांचे वडील चार वर्षांचे होते तेव्हा आजोबा गेले, त्यांना वडिलांचा चेहराही आठवायचा नाही. घरात बोलणं एकच, की तो तिकडे राहिला असता तर श्रीमंत झाला असता, घाबरून परत आला. सासऱ्यांनी लहानपणापासून हे वाक्य ऐकलंय आणि त्यांना ते कधीच पटलेलं नाही. चाळिसाव्या वर्षी वारलेला माणूस अमेरिकेतून काय झालं म्हणून परत आला हे त्यांना स्वतः असेपर्यंत कळायला हवंय. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

मृत्यूचा दाखला परत नीट वाचला. कारणाच्या जागी 'थायसिस', आजार दोन वर्षांचा असं लिहिलंय, धंदा ग्रॅनाईट कटर. थायसिस म्हणजे टीबी ना?

छातीचा_डॉक्टर
थायसिस हा त्या काळी क्षयाला वापरायचा शब्द, बरोबर. पण दगड घडवणाऱ्या माणसाच्या दाखल्यावर थायसिस दिसला की मी आधी सिलिकोसिस मनात धरतो. ग्रॅनाईटमध्ये क्वार्ट्झ असतं, त्याची अगदी बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते, तिथे गाठी आणि व्रण होतात, आणि अशा फुफ्फुसात क्षय फार सहज शिरतो. दोन्ही मिळून माणूस जातो. बाहेरून बघणाऱ्या डॉक्टरला १९०४ साली छातीचा एक्स-रे सहजी उपलब्ध नव्हता, त्यामुळे दाखल्यावर एकच शब्द. आपल्याकडे खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांत मी स्वतः हे चित्र पाहिलंय, पंचविशी-तिशीतली मुलं.

हातोडी-छिन्नीने काम करणाऱ्याला धूळ लागतेच पण १८९० च्या दशकात हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं आली आणि त्यांनी धूळ कितीतरी वाढवली, शिवाय बारीक केली, आणि बारीक धूळच जास्त वाईट. आजार उमटायला वर्षं लागतात म्हणून माणूस गावी परतल्यावर खोकायला लागतो आणि मग लोक म्हणतात गावची हवा मानवली नाही.

बर्लिंग्टनकर
डॉक्टरांच्या म्हणण्याला जोडून. बॅरीतल्या घडाईच्या शेड आधी उघड्या असायच्या, थंडीत काम बंद. नंतर बारमाही काम करता यावं म्हणून त्या चारी बाजूंनी बंद केल्या, आत शेकोटी-हीटर, आणि त्याच वेळी ती नवी हत्यारं. म्हणजे धूळ बाहेर जायला वाटच नाही. इथे किती तरुण कामगार त्याने गेले ते दफनभूमीतली वयं वाचली की कळतं. धूळ खेचून घेणारी यंत्रं शेडमध्ये नीट बसली ती १९३० च्या दशकाच्या शेवटी. तुमच्या आजोबांचा बॅरीचा काळ १८९४ च्या आसपासचा असेल तर नेमका हाच बदल होत होता.

पंचगंगा
हे वाचून पोटात कालवलं. घाबरून परत आला म्हणणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

डंडीवाली
ताई, अजून एक जागा बघा, मला वाटतं तुमचं उत्तर तिथे असण्याची शक्यता जास्त आहे. १९०४ ला आजी पाच मुलं घेऊन विधवा झाली. धाकटा चार वर्षांचा. तिने पॅरिशकडे (स्थानिक कारभाराचा छोटा विभाग) गरिबांच्या मदतीचा अर्ज केला असेल तर? स्कॉटलंडमध्ये १८४५ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर गरिबांना पोसायची जबाबदारी होती. धडधाकट पुरुषाला मदत नाही, पण लहान मुलं असलेल्या विधवेला मिळायची.

आणि यात गंमत नाही तर नियम असा की, पैसे कोणत्या पॅरिशने द्यायचे हे ठरायचं ते 'सेटलमेंट'वरून. एखाद्या पॅरिशमध्ये सलग पाच वर्षं स्वतःच्या बळावर राहिलात तर तिथले झालात, १८९८ ला ती मुदत तीन वर्षांवर आणली. नाहीतर जन्माच्या पॅरिशवर खर्च, आणि बायकोची सेटलमेंट नवऱ्यावरून. म्हणून इन्स्पेक्टर अर्ज घेताना अगदी खोदून विचारायचा, कुठे राहत होता, किती महिने, त्याआधी कुठे, परदेशी गेलात तर कधी गेलात आणि कधी आलात. अमेरिकेतून परतलेल्या घरासाठी तर हे विचारलंच पाहिजे, कारण मधली वर्षं मोडतात. आजोबांचा जन्म केमनेचा, म्हणजे अ‍ॅबर्डीनची पॅरिश खर्च केमनेवर ढकलायला बघणार आणि केमने परत ढकलणार. दोघांच्या भांडणात तुमच्या घराचा सगळा प्रवास तारखांसकट लिहिला गेलेला असू शकतो.

अ‍ॅबर्डीनच्या अर्काइव्हजला मेल करून वेळ ठरवा आणि नाव, पत्ता, १९०४-०५ साल द्या. मृत्यूच्या दाखल्यावरचा पत्ता कोणत्या पॅरिशमध्ये येतो ते आधी बघून घ्या. सगळी रजिस्टरं टिकलेली नसतात, पण बघितल्याशिवाय सोडू नका.

दप्तरी
हे उत्तम सुचवलंत. मी स्वतः हे पुरुषांसाठी बघत आलो, विधवेच्या अर्जात नवऱ्याच्या फेऱ्या शोधायच्या हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्याबरोबर व्हॅल्युएशन रोलही बघा, कोणत्या घरात भाडेकरू कोण याच्या वार्षिक याद्या, स्कॉटलंड्सपीपलवर १८८५, १८९५, १९०५ अशा दहा-दहा वर्षांच्या आहेत. सेन्ससच्या मधली वर्षं भरायला फार उपयोगी. १९०५ ला घर आजीच्या नावावर दिसलं पाहिजे.

हुगळीकाठ
थोडं अवांतर, पण डंडीचं नाव आलं म्हणून. आमच्या कोलकात्यात ज्यूट गिरण्यांचे मॅनेजर, ओव्हरसीअर बहुतेक डंडीहून यायचे, काही वर्षं नोकरी करून परत. करैया रोडवर स्कॉटिश सेमेटरी आहे, १८२० ची, तिथल्या दगडांवर डंडी आणि ब्रॉटी फेरी ही नावं इतक्यांदा येतात की न गेलेलं गाव ओळखीचं झालंय. ज्यांना स्कॉटिश पूर्वज भारतात शोधायचेत त्यांनी ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या चर्च नोंदी बघाव्यात, बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन वेगळ्या मालिका आहेत. मुंबईसाठी तिसरी. चालू द्या.

ग्रॅनाईटनगरी
मंडळी, सापडलं!!! थरथरत टाइप करतेय, सविस्तर लिहिते.

अर्काइव्हजमध्ये अर्ज मिळाला. १९०४ चाच, आजोबा गेल्यावर काही आठवड्यांतला. इन्स्पेक्टरने डंडीवाली म्हणाल्या तसं एकेक विचारून लिहून घेतलंय. नवरा १८८९ पासून तीन उन्हाळे बॅरी, व्हरमाँट इथे एकटा गेला, दर हिवाळ्यात परत, फक्त १८९०-९१ चा हिवाळा तिकडेच राहिला (म्हणून १८९१ च्या सेन्ससला घरात नाही!). १८९४ च्या वसंतात सगळं घर तिकडे. १८९९ च्या शरदात परत. आणि परत का आले त्याच्यापुढे इन्स्पेक्टरच्या अक्षरात चार शब्द, नवऱ्याची तब्येत खालावल्यामुळे. परत आल्यावर आजोबांनी जमेल तसं काम केलं, शेवटची दोन वर्षं नाही. आजी घरी बसून लोकांचं शिवणकाम करत होती, आठवड्याला किती शिलिंग मिळायचे तेही लिहिलंय.

सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, दोन वर्षं आजारी असून त्याच्या आधी तीन वर्षं कामावर जात होता तो माणूस.

आता आजीचं. खर्च केमनेवर ढकलायचा प्रयत्न झाला होता, पत्रव्यवहार आहे, पण तीन वर्षांच्या नव्या नियमामुळे अ‍ॅबर्डीनला द्यावा लागला. १८९९ ला परत आले आणि १९०४ ला अर्ज, जुना पाच वर्षांचा नियम असता तर थोडक्यात हुकलं असतं.

जहाजाची यादीही मिळाली, आजीच्या आणि मुलांच्या नावाने शोधल्यावर. ग्लासगो ते न्यूयॉर्क, अँकर लाईन, १८९४. 'याआधी आला होता का' च्या पुढे हो, बॅरी. आणि 'कोणाकडे चाललात' च्या पुढे भाऊ, बॅरी. हा भाऊ आम्हाला कुणालाच माहीत नव्हता!

बर्लिंग्टनकर
वा! भावाचं नाव मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, शनिवारी बॅरीला जातोच आहे. व्हरमाँटच्या ऐतिहासिक सोसायटीचं ग्रंथालयही तिथेच आहे आणि गावातल्या ऑल्ड्रिच लायब्ररीत स्थानिक कागद आहेत. मुलीचा जन्म तिकडचा असेल तर टाउन क्लर्ककडे नोंद असणार. एक लक्षात ठेवा, १८९५ ला बॅरी शहर आणि बॅरी टाउन असे दोन भाग झाले, त्यामुळे दोन्हीकडे विचारायला लागेल.

छातीचा_डॉक्टर
तीन वर्षं कामावर आणि मग दोन वर्षं अंथरुणावर, हा क्रम सिलिकोसिसवर चढलेल्या क्षयाशी जुळतो. दाखल्यावरून निदान करता येत नाही, पण सासऱ्यांना एवढं जरूर सांगा की अशा छातीने दगडकाम करणं म्हणजे रोज धाप लागत लागत काम करणं, आणि ते पाच मुलांच्या घरासाठी केलेलं आहे.

दप्तरी
भाऊ तोच आहे का हे पक्कं करायला दोन गोष्टी. एक, अमेरिकेचा १९०० चा सेन्सस, त्यात देशात कधी आला ते साल, नागरिक झाला का हे आहे, आणि जन्माचा महिना-वर्षही. दुसरं मुलांची नावं. जुन्या स्कॉटिश घरांत पहिला मुलगा बापाच्या बापावरून, दुसरा आईच्या बापावरून, पहिली मुलगी आईच्या आईवरून, दुसरी बापाच्या आईवरून अशी पद्धत होती, आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसंच. सगळेच पाळायचे असं नाही, पण त्या भावाच्या पहिल्या मुलाचं आणि तुमच्या आजोबांच्या पहिल्या मुलाचं नाव एकच निघालं तर बोट बरोबर दिशेला आहे. सासरे तयार असतील तर डीएनए टेस्टही करा. त्या भावाची पतवंडं सासऱ्यांच्या मुलांच्या पिढीची, पण भावाचा एखादा नातू हयात असेल तर तो सासऱ्यांचा चुलत-चुलत भाऊ, तिथे जुळणी हमखास दिसते. त्याच्या पुढच्या नात्यात दहातल्या एखाद्याची काहीच जुळत नाही, तेव्हा जुळलं नाही म्हणून नातं नाही असं समजू नका.

बर्लिंग्टनकर
जाऊन आलो. होप सेमेटरीत भावाचा दगड आहे, बायकोचं माहेरचं आडनावही कोरलंय, स्कॉटिश पद्धतीने. खाली 'जन्म केमने, स्कॉटलंड'. मृत्यू १९११, वय ४५. पहिल्या मुलाचं नाव तुमच्या आजोबांच्या पहिल्या मुलाचंच. फोटो पाठवलेत. टाउन क्लर्ककडे मुलीच्या जन्माचं कार्ड मिळालं, बापाचा धंदा ग्रॅनाईट कटर, बापाचं जन्मगाव केमने, तारीख नोव्हेंबर १८९४.

ग्रॅनाईटनगरी
फोटो मिळाले, किती आभार मानू कळत नाही, कुणाचे कोण तुम्ही आणि शनिवार घालवलात. ४५ म्हणजे हाही धुळीनेच गेला का हे आता शोधायचं, व्हरमाँटचा मृत्यूचा दाखला मागवतेय. सासरे डीएनए टेस्टला तयार झालेत, आणि भावाच्या दगडाचा फोटो मोठा करून मागितलाय. घरातल्या वंशवृक्षात 'घाबरून परत आला' असं त्यांच्या मोठ्या काकांच्या हाताने पेन्सिलीने लिहिलेलं होतं, तिथे त्यांनी काल स्वतः 'बॅरीहून आजारी परतले, १८९९' असं शाईने लिहिलं.

एक प्रश्न राहिला, माहीत असेल त्यांनी सांगा. तिथल्या ग्रॅनाईट कामगारांच्या युनियनमध्ये आजोबा आणि भाऊ असणार असं वाटतं, युनियन १८७७ पासूनची आहे आणि त्यांचं मासिकही निघायचं. त्यात सभासदांच्या ये-जा आणि मृत्यूच्या नोंदी असायच्या का, आणि १८९४ ते ९९ चे अंक कुठे बघायला मिळतील?